चेरीत दरवर्षी अळी : फवारलं, सापळे लावले, तरी का येते?

जर्मनीत बाग असलेलं घर भाड्याने मिळालं आणि त्या बागेत चेरीचं जुनं झाड निघालं, की पहिल्या उन्हाळ्यात आनंदाला पारावार नसतो. मग जूनच्या शेवटी कुणीतरी चेरी थेट तोंडात टाकण्याऐवजी बोटांनी उकलून बघतं आणि आत बीला चिकटून वळवळणारी पांढरी अळी दिसते. त्या दिवसापासून घरात उकलल्याशिवाय कुणी चेरी खात नाही. पुढच्या वर्षी फवारा, त्याच्या पुढच्या वर्षी सापळे, मग वैतागून अर्धं झाड छाटून टाकणं. अळी मात्र आहेच.

एरलांगेन-न्यूरेम्बर्ग भागातल्या मराठी मंडळींचं हे गाऱ्हाणं दर उन्हाळ्यात कानावर येतं. जवळच फोर्शहाइमच्या टेकड्यांमध्ये गावंच्या गावं चेरीची आहेत, त्यामुळे ही अळी जिची, त्या चेरीच्या फळमाशीला इथे पाहुणचार भरपूर. बहुतेकांचा उपाय चुकलेला नसतो. वेळ आणि जागा चुकलेली असते. ही माशी वर्षातले जेमतेम दोन महिने हवेत असते. बाकीचा बराचसा काळ ती तुमच्याच झाडाखालच्या मातीत, बोटभर खोलीवर, कोषात पडून असते. सगळा खर्च मात्र आपण त्या दोन महिन्यांवर करतो, आणि तोही बहुधा अंडी घालून झाल्यावर.

आधी अळी कुणाची ते ठरवा

हे न ठरवता कुठलाही उपाय करू नका, कारण चेरीत दोन अगदी वेगळ्या माशांच्या अळ्या निघतात आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

पहिली म्हणजे युरोपातली मूळची चेरीची फळमाशी, शास्त्रीय नाव ऱ्हागोलेटिस सेरासी. बागसामानाच्या दुकानात ‘किर्शफ्रुख्टफ्लीगं’ म्हणा. एका फळात बहुधा एकच अळी. फळ वरून धड दिसतं, फक्त देठाजवळचा भाग जरा निस्तेज आणि दाबला तर मऊ लागतो. उकललं की बीभोवतीचा गर तपकिरी, लगदा झालेला. अळी पाच-सहा मिलिमीटरची, पाय नाहीत, डोकं म्हणावं असं काही नाही, पुढून निमुळती आणि मागून बोथट.

दुसरी टिपक्यांच्या पंखांची ड्रोसोफिला, म्हणजे ड्रोसोफिला सुझुकी. ही मूळची पूर्व आशियातली. २००८ मध्ये स्पेन-इटलीत सापडली आणि २०११ मध्ये जर्मनीत. हिच्या अळ्या लहान, आणि एका फळात अनेक. फळ दोन-चार दिवसांत बसतं, हलकं दाबलं तर बारीक भोकातून रस येतो. भिंग असेल तर सालीतून बाहेर डोकावणारे दोन पांढरे तंतू दिसतात, ते अंड्याचे श्वसनतंतू. शेजारच्या रास्पबेरीत आणि ब्लॅकबेरीतही तसल्याच अळ्या असतील तर संशय हिच्यावरच धरा. हिच्या वर्षाला कितीतरी पिढ्या होतात, त्यामुळे खाली सांगितलेला जमिनीवरचा उपाय हिच्यावर वाया जाईल.

तपकिरी डोकं आणि पाय असलेली अळी निघाली तर ती पतंगाची. आणि फळं नुसतीच तडकली असतील तर तो पावसाचा प्रताप, माशीला दोष देऊ नका.

खात्री करायची साधी रीत: ओंजळभर चेऱ्या खुडून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. अळ्या बाहेर येतात. मग फळं उकलून कुठल्या फळात किती होत्या ते बघा.

पहिल्या माशीबद्दलच पुढे सांगतो आहे. तिला ओळखणं सोपं आहे. घरमाशीहून लहान, चार-पाच मिलिमीटरची, चकचकीत काळी. पाठीवर पंखांच्या मध्ये एक पिवळा ठिपका, डोळे हिरवट, पारदर्शक पंखांवर काळे आडवे पट्टे. पानावर चालताना पंख हलवत चालते. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही.

ती नेमकं करते काय

वर्षाला एकच पिढी. वसंतात माती तापू लागली की कोषातून माशी बाहेर पडते. तारीख कॅलेंडरवर ठरत नाही, मातीच्या उष्णतेवर ठरते. पाच सेंटीमीटर खोलीवरचं दिवसाचं सरासरी तापमान घ्यायचं, त्यातून ५ अंश वजा करायचे आणि रोजची ती बेरीज करत जायचं. ती ४३० च्या आसपास गेली की माशा निघायला लागतात. ऱ्हाइनच्या उबदार खोऱ्यात ही वेळ मेच्या मध्यावर येते, डोंगराळ भागात मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये. एवढा हिशोब कोण ठेवणार म्हणाल तर बाभूळछाप ‘रोबिनिया’ झाडाकडे बघा: त्याचे पांढरे घोस फुलायला लागले की माशी निघाली असं समजून चालायला हरकत नाही.

बाहेर आलेली मादी लगेच अंडी घालत नाही. साधारण दहा दिवस माव्याचा चिकटा, पानांवरचा रस, पक्ष्यांची विष्ठा असलं काहीबाही चाटत फिरते. या दहा दिवसांवर आपली सगळी मदार आहे, कारण अंडं सालीखाली गेलं की पुढचं काहीच आपल्या हातात उरत नाही.

मग चेरी हिरवा रंग सोडून पिवळी पडू लागते, आंब्याला पाड लागावा तशी. ऊन पडलेलं असावं, पारा पंधरा-सोळा अंशांच्या वर असावा. अशा दुपारी झाडाच्या दक्षिण बाजूला पाच मिनिटं शांत उभं राहिलं तर हा प्रकार डोळ्यांनी बघता येतो. मादी फळावर उतरते, गोल गोल चालत ते तपासते, पोट खाली वाकवते आणि सालीत डंख मारून एकच अंडं आत सरकवते. यानंतरचं काम बघण्यासारखं असतं. ती लगेच उडत नाही. पोटाचं टोक फळावर टेकवून ते ओढत सबंध फळावर फिरते आणि जाताना एक न दिसणारा लेप मागे ठेवते. दुसरी मादी त्या फळावर उतरली की तिला पायांनीच कळतं, जागा भरली आहे. ती दुसरं फळ शोधते. ही खूण असते हे कीटकसंशोधक कात्सोयान्नोस यांनी १९७५ मध्ये दाखवलं आणि तिची रासायनिक रचना १९८७ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेडेन्सविलमधले एर्न्स्ट बोलर आणि त्यांचे सहकारी यांनी उलगडली.

या खुणेचा आपल्याला होणारा तोटा लक्षात घ्या. अंडी एकाच फळात दाटीने पडली असती तर थोडी फळं गेली असती आणि बाकीची वाचली असती. इथे प्रत्येक अंडं वेगळ्या फळात. एक मादी पन्नास-ऐंशी अंडी सहज घालते, म्हणजे तितकी फळं गेली. म्हणून ‘सापळ्यावर माशा तर फारशा दिसल्या नाहीत, मग एवढं नुकसान कसं’ हा प्रश्न पडतो. लहान झाड नासवायला मूठभर माद्या पुरतात.

आठवड्याभरात किंवा जरा उशिरा अंडं फुटतं, अळी तीन-चार आठवडे गर खाते, मग सालीला भोक पाडून बाहेर पडते आणि टपकन खाली. मातीत दोन ते पाच सेंटीमीटर शिरून तिचा गवती पिवळ्या रंगाचा, चारेक मिलिमीटरचा कोष होतो. थंडी त्याला हवीच असते; हिवाळा लागल्याशिवाय पुढची वाढ नीट होत नाही. आणि इथेच एक खोच आहे. सगळे कोष पुढच्या मेमध्ये उघडत नाहीत. काही दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तसेच पडून राहतात, थोडे तिसऱ्यापर्यंतही. त्यामुळे एखाद्या वर्षी कडाक्याच्या थंडीने बहर जळाला, झाडावर एकही चेरी नव्हती, तरी पुढच्या वर्षी अळी हजर असते.

मग दरवर्षी परत येण्याचं कारण

माझ्या मते सर्वांत मोठं कारण शिडीच्या वर आहे. जुनं झाड दहा-बारा मीटर उंच असतं, आपला हात आणि घरमालकाची शिडी मिळून निम्म्यापर्यंत पोचते. वरचं निम्मं आपण पाखरांना सोडतो आणि त्यात उदारपणाचं समाधानही मानतो. साळुंकीच्या जातीचे इथले श्टारं पक्षी काही खातात, उरलेली फळं उशिरापर्यंत लटकून खाली गळतात. अळ्यांचं बालसंगोपन तिथे चालतं. हाताला येणाऱ्या फांद्यांवर काहीही केलं तरी वरच्या फांद्या पुढच्या वर्षाची माशी तयार करत राहतात.

दुसरं, खाली पडलेली फळं. ती आठवड्याला एकदा गवत कापताना गोळा करतो म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावं की गळालेल्या फळातून अळी मातीत जायला आठवडा लागत नाही.

तिसरं, कंपोस्टचा ढीग. किडकी चेरी कंपोस्टात टाकणं म्हणजे अळीला मऊ माती आयती देणं. पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि कचऱ्यात द्या, नाहीतर बादलीभर पाण्यात काही दिवस बुडवून ठेवा. वास येतो, झाकण लावा.

शेजारचं न तोडलेलं झाड आणि कुंपणातलं झुडूप ही उरलेली दोन कारणं, त्यांच्याकडे येतोच.

मे महिन्यात जमीन झाका

एकच उपाय करायची ताकद असेल तर हा करा. माशी निघण्याआधी, म्हणजे मेच्या सुरुवातीला, झाडाखालचं गवत बारीक कापून त्यावर बारीक विणीची कीटकजाळी अंथरायची. वीण ०.८ मिलिमीटरहून मोठी नको. जाळी बुंध्यापासून फांद्यांच्या टोकांपर्यंत आणि त्याच्या थोडी बाहेर जायला हवी, कारण अळ्या फांद्यांखाली सगळीकडे पडलेल्या असतात. बुंध्याभोवती दोन मीटरचा गोल करून काही होत नाही. कडा मातीत गाडा किंवा विटा-फळ्यांनी सलग दाबा. बुंध्यापाशी जाळी गुंडाळून दोरीने आवळा. माशीला फट सापडली की ती उजेडाकडे बरोबर निघते.

स्वित्झर्लंडच्या फ्रिकमधल्या सेंद्रिय शेती संशोधन संस्थेने चेरीच्या बागांत हा उपाय तपासला आहे आणि फळांतली कीड त्याने चांगलीच घटली. बिनविषारी, आणि एक जाळी अनेक वर्षं टिकते. जाळी तोडणीपर्यंत राहू द्या. गळालेली फळं तिच्यावर पडतात आणि गोळा करायला सोपी जातात. गवत थोडं पिवळं पडेल, ऑगस्टमध्ये सावरेल. घरमालकाला आधी सांगून ठेवा, जर्मन माणसाचं हिरवळीवर प्रेम असतं.

या उपायाची मर्यादाही सांगतो. तो फक्त तुमच्या मातीतल्या माशीला अडवतो. ही माशी लांबची उडणारी नाही. आसपास फळ असेल तर जन्मल्या झाडाभोवतीच राहते. पण पाच-पंचवीस मीटरवर शेजाऱ्याचं किडकं झाड असेल तर ती अंतर कापते.

पिवळे सापळे: कुठे चुकतं

पिवळ्या चिकट पट्ट्या बहुतेकजण चेरी लाल झाल्यावर लावतात, कारण तेव्हा झाडाची आठवण होते. तोवर अंडी घालून झालेली असतात. पट्ट्या फळ हिरव्याचं पिवळं होण्याआधी लावायच्या, झाडाच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य बाजूला, बाहेरच्या अंगाला, उन्हात. आतल्या सावलीत लावलेली पट्टी म्हणजे शोभा. लहान झाडाला दोन-तीन, मोठ्याला आठ-दहा, आणि त्यातल्या काही वरच्या भागात. अमोनियाचं आमिष लावलेले सापळे जास्त ओढतात, कारण मादीला अंड्यांआधी प्रथिनं हवी असतात आणि अमोनियाच्या वासाने तिला ती सापडतात.

एकट्या पट्ट्यांनी झाड स्वच्छ होणार नाही. त्यांचा खरा उपयोग दिवस मोजायला. पट्टीवर पहिली पिवळ्या ठिपक्याची माशी दिसली की अंडी सुरू व्हायला साधारण दहा दिवस आहेत, त्याआधी बाकीची तयारी उरका. आणि चेरी तोडून झाल्यावर पट्ट्या काढून टाका. हिवाळ्यापर्यंत लटकलेल्या पट्टीवर चेरीची माशी दिसत नाही, मधमाश्या आणि मावा खाणारे मित्रकीटक मरून पडलेले दिसतात.

झाडालाच जाळी घातली, तरी अळी

हे गाऱ्हाणं खास बुटक्या झाडांचं. ‘गिझेला ५’सारख्या, झाड बुटकं ठेवणाऱ्या खुंटावर कलम केलेलं तीन मीटरचं झाड पूर्ण झाकता येतं आणि या माशीला १.३ मिलिमीटरची वीण पुरते. बहर संपून फळ धरलं की आणि रंग बदलण्याआधी जाळी चढवायची. पण खालच्या मातीत गेल्या वर्षीचे कोष असतील तर माशा जाळीच्या आत जन्मतात, आणि बाहेर जायला वाट नसल्याने सगळी अंडी तुमच्याच झाडावर पडतात. जाळी बुंध्याला बांधा म्हणजे जमीन बाहेर राहील, किंवा पहिल्या वर्षी जमिनीवरही अंथरा.

गावाकडचे उपाय इथे का चालत नाहीत

आपल्याकडच्या शेतीची माहिती असलेला माणूस पहिली सूचना करतो ती कामगंध सापळ्याची, म्हणजे वासाच्या आमिषाने नर पकडणाऱ्या सापळ्याची. आंब्याला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’, काकडी-कारल्याला क्यू-ल्यूर नावाचं आमिष. ते सापळे चालतात कारण आंब्यावरच्या माशीचे नर त्यातल्या मिथाइल युजेनॉल या रसायनाच्या वासाकडे अक्षरशः वेडे होऊन जातात. चेरीची माशी वेगळ्या कुळशाखेतली, तिला त्या वासाचं काहीही पडलेलं नाही. भारतातून ल्यूर मागवू नका.

दुसरी सूचना ‘रोगर मारा’. रोगर म्हणजे डायमेथोएट, आणि गंमत अशी की युरोपातल्या चेरीबागांतही हेच औषध वर्षानुवर्षं चालत होतं, कारण ते फळात मुरून आतल्या अळीपर्यंत जायचं. फ्रान्सने २०१६ मध्ये चेरीवरचा त्याचा वापर थांबवला, आणि ते मारलेली चेरी बाहेरून आणायलाही मनाई केली. २०१९ मध्ये युरोपीय संघाने मान्यता वाढवून दिलीच नाही. तेव्हा पुण्याहून येणाऱ्या मामांच्या बॅगेतून बाटली आणवायचा विचार सोडा. ते बेकायदा आहे, आणि ती चेरी तुमचीच मुलं खाणार आहेत. इथे घरगुती बागेत फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी मंजूर असलेलं औषध, तेही लेबलवर लिहिलेल्या पिकावरच, मारता येतं.

निंबोळी अर्काने मन शांत होतं. अळी मात्र फळाच्या आत, फवारा सालीवर. व्हिनेगरचे पेले लटकवले तर ते भरतात ते स्वयंपाकघरातल्या केळ्यांवरच्या चिलटांनी, आणि आपल्याला वाटतं सापळा जोरात चाललाय. ही माशी आंबलेल्या वासाकडे जात नाही. चहाचा चोथा, कांद्याचं पाणी, लसूण हेही ऐकलंय. करायचं तर करा, जाळी अंथरून झाल्यावर.

कोंबड्या मात्र चालतात. झाडाखाली मोकळ्या सोडल्या तर कोष उकरून खातात. पालिका आणि शेजारी दोघं मान्य करतील तर बघा. बागदुकानात मिळणारे सूत्रकृमी (किडींवर जगणारे सूक्ष्म जंत, श्टायनरनेमा फेल्टिए) अळ्या गळायच्या वेळी मातीत पाण्यातून देता येतात. परिणाम ओलाव्यावर ठरतो, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नये.

कुंपणातलं लाल फळांचं झुडूप

सगळं नीट केलं, झाडाखाली एक फळ राहू दिलं नाही, शेजारी चेरीचं झाडही नाही, तरी माशी येते, अशी एखादी बाग सापडते. तिथे मी कुंपण बघतो.

ही माशी फक्त चेरीवर जगत नाही. लोनिसेरा नावाच्या झुडपांच्या फळांतही ती तितक्याच सुखाने वाढते, विशेषतः लोनिसेरा झायलोस्टेउममध्ये आणि तातारी लोनिसेरात. रोपवाटिकेत पाटीवर ‘हेकेनकिर्शं’ लिहिलेलं असतं. ओळखायला अवघड नाही: माणसाच्या उंचीचं, कधी त्याहून थोडं मोठं झुडूप, पानं समोरासमोर, मे-जूनमध्ये पांढरट-पिवळी फुलं जोडीने येतात, आणि जुलैपासून वाटाण्याहून लहान, काचेसारखी चमकणारी लाल फळंही जोडीनेच, एका देठावर दोन. ही फळं माणसाला विषारी आहेत. लहान मुलं असतील तर माशीपेक्षा ते आधी लक्षात घ्या.

वेळापत्रक बघितलं की ते झुडूप माशीला का सोयीचं ते कळतं. आपली चेरी जुलैत संपते. उशिरा निघालेल्या माद्यांना अंडी घालायला जागा नसते, नेमकी तेव्हा लोनिसेराची फळं तयार होत असतात. म्हणजे तुम्ही झाड कितीही लवकर रिकामं केलं तरी पाच पावलांवर दुसरी खानावळ उघडलेली आहे.

तपासून बघणं सोपं. जुलै-ऑगस्टमध्ये मूठभर लाल फळं तोडून एका डब्यात कोरड्या वाळूच्या थरावर ठेवा, वर पातळ फडकं बांधा, सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी वाळू चाळा. पिवळट कोष निघाले तर उत्तर मिळालं.

मग काय करायचं? मुळासकट काढायचं असेल तर १ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर. १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात जर्मनीत कुंपणाची झुडपं मुळापर्यंत तोडायला निसर्गसंरक्षण कायद्याने बंदी आहे, पाखरांच्या घरट्यांसाठी. वाढलेले शेंडे हलके छाटणं चालतं, घरटं नाही याची खात्री करून. फुलं सरल्यावर अशी छाटणी केली की हिरवी फळंच निघून जातात आणि झुडूपही राहतं. मला हाच मार्ग पसंत आहे. जंगलाच्या कडेचं, सार्वजनिक जागेतलं लोनिसेरा मात्र तिथेच राहू द्या. ते तिथलं मूळचं झाड आहे आणि सगळं उपटून होणारही नाही.

आणि अळी दिसली म्हणून प्रत्येक लाल फळाच्या झुडपावर कुऱ्हाड घेऊन धावू नका. रानगुलाबाच्या फळात जी अळी असते ती ऱ्हागोलेटिस आल्टेर्नाटाची, बार्बेरीतली ऱ्हागोलेटिस मायगेनीची. दोघी याच माशीच्या चुलत बहिणी, पण चेरीकडे ढुंकून बघत नाहीत.

टोरांटोच्या आसपास राहणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. ही युरोपी माशी २०१६ मध्ये ओंटारिओत मिसिसागाला सापडली आणि २०१७ मध्ये सीमेपलीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा काउंटीत. तिकडे बाहेरून आलेली लोनिसेराची झुडपं नदीकाठी, बागांच्या कडेला माजली आहेत, त्यामुळे झुडपाचा प्रश्न तिथे जर्मनीपेक्षा मोठा आहे. घरची चेरी डब्यात भरून दुसऱ्या भागातल्या मित्राकडे नेण्याआधी तुमच्या परिसरावर फळं हलवण्याचे निर्बंध आहेत का ते बघा.

आंबट चेरी, उशिराच्या जाती

आंबट चेरीला, उदाहरणार्थ ‘शाटेनमोरेलं’ जातीला, ही माशी कमी लागते. तरीही जुलैच्या शेवटी तिच्यात अळ्या निघाल्या तर ती बहुधा अमेरिकेतून आलेली बहीण, ऱ्हागोलेटिस सिंगुलाटा. ती काही आठवडे उशिरा निघते, तेव्हा पिवळ्या पट्ट्या जास्त दिवस ठेवा.

गोड चेरीत जातीवर बरंच काही ठरतं. ‘बुर्ला’, ‘कासिन्स फ्र्यूए’ अशा लवकरच्या जाती माशीला अंडी घालायची संधी मिळेपर्यंत जवळजवळ तयार झालेल्या असतात आणि वाचतात. ‘कोर्डिया’, ‘रेगिना’ या चवीला सरस, पण उशिराच्या, आणि दरवर्षी अळीची तक्रार असते ती अशाच जातींच्या झाडांची. नवीन झाड लावणार असाल तर बुटक्या खुंटावरची लवकरची जात घ्या. जुनं दहा-बारा मीटरचं झाड असेल तर तोडणी झाल्यावर उन्हाळ्यातच जाणकाराकडून ते टप्प्याटप्प्याने खाली आणा, एका वर्षात नको. हाताला येणारं झाड म्हणजे पूर्ण रिकामं करता येणारं झाड.

किडकी चेरी खायची का?

अळी विषारी नाही, पोटात गेली तरी काही होत नाही. शुद्ध शाकाहारी घरांत हे सांगून उपयोग नसतो, हेही ठाऊक आहे. पाण्यात अर्धा तास भिजवून, उकलून, बी काढून मुरंबा करा. उकलताना जी वाईट निघेल ती बाजूला. पिकून काळपट होण्याची वाट बघण्यापेक्षा जरा आधी तोडलेल्या फळात अळी लहान असते आणि गर शाबूत. ब्लॅक फॉरेस्टमध्ये चेरीची दारू गाळतात, तिथे कोण उकलून बघत असेल देव जाणे.

फरक कधी दिसेल, आणि शेजारी

पहिल्या वर्षी जाळी अंथरली, झाड शेंड्यापर्यंत रिकामं केलं, गळालेली फळं रोज उचलली, तर त्याच उन्हाळ्यात अळी कमी व्हायला हवी, कारण तुमच्या मातीतली माशी वर आलीच नाही. पण दुसऱ्या वर्षीही जाळी अंथरायला चुकू नका. मातीत दोन हिवाळे झोपलेले कोष असतात, ते त्या वर्षी उघडतात. तिसऱ्या वर्षीही निम्मी फळं किडकी निघत असतील तर तुमच्या जमिनीत शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. माशी कुंपणापलीकडून येते आहे.

तेव्हा शेजाऱ्याशी बोलावं लागतं. बहुतेक वेळा ते झाड एखाद्या वयस्क बाईंचं असतं, त्यांना शिडी चढवत नाही आणि चेरी वाया जाते याचं त्यांनाच वाईट वाटत असतं. ‘तुमच्या झाडामुळे आमची चेरी किडते’ अशी सुरुवात केलीत तर दार बंद. ‘तुमच्या चेऱ्या आम्ही तोडून देतो, अर्ध्या तुम्हाला’ असं म्हणून बघा. मे महिन्यात जाऊन विचारा, त्यांच्या झाडाखालीही जाळी घालायची परवानगी त्याच भेटीत मागा, आणि तोडणीच्या दिवशी लांब शिडी आणि दोन मित्र घेऊन शेंड्यापर्यंत सगळं उतरवा.